आपला कोड आपल्या आवारात

बोईसरच्या एमआयडीसीत रात्रपाळीला एखादी लाइन बंद पडली की आधी मेकॅनिक येतो, मग इलेक्ट्रिशियन. मोटार ठीक, व्हॉल्व्ह ठीक, फ्यूज ठीक असे निघाले की सगळ्यांची नजर पॅनेलमधल्या पीएलसीकडे, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाकडे, वळते. त्या डबीत कोणता प्रोग्रॅम चालू आहे, तो शेवटी कोणी बदलला, बदलण्याआधी काय होते, हे पाळीवरच्या एकालाही सांगता येत नाही. प्रोग्रॅम लिहिणारा पॅनेलवाला वसईला नाहीतर वापीला असतो. त्याचा फोन लागला तर नशीब. कपाटातल्या पेनड्राइव्हवर ‘फायनल’, ‘फायनल न्यू’ आणि ‘फायनल ओके’ अशी तीन फोल्डरे सापडतात, आणि मशीनवर यातले नेमके कोणते चढवले आहे याची कुठेच नोंद नसते.

हे पुस्तक त्या तीन फोल्डरांसाठी लिहिले आहे. स्वतःच्या जागेत, स्वतःच्या मालकीच्या संगणकावर कोड साठवणारा सर्व्हर कसा उभारायचा, त्याची मांडणी कशी करायची आणि तो वर्षानुवर्षे चालता कसा ठेवायचा, हा त्याचा विषय. लिहिताना डोळ्यांसमोर होती ती पालघर, बोईसर, तारापूर, डहाणू या पट्ट्यातली माणसे: मेंटेनन्स इंजिनिअर, इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, पॅनेल बांधणारे छोटे ठेकेदार, आयटीआयचे आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी, आणि प्लॉटचे मालकसुद्धा, कारण शेवटी चेकवर सही त्यांची असते.

कोड म्हणजे हिंजवडी, ऐरोली, बंगळूर; आमच्याकडे कुठला आलाय कोड, असे इथे सर्रास म्हटले जाते. ते खरे नाही. पीएलसीतली लॅडर, म्हणजे त्यातला प्रोग्रॅम, हा कोड आहे. कंट्रोल रूममध्ये प्लांट दाखवणाऱ्या स्काडाच्या स्क्रीनमागे कोड आहे. डिस्पॅचच्या एक्सेलमध्ये कोणीतरी पूर्वी लिहिलेला मॅक्रो आणि अकाउंट्समध्ये टॅलीला करून घेतलेली जोडणी, हाही कोडच. चिंचणी-वाणगाव पट्ट्यातल्या डायमेकरांचे उदाहरण मला सगळ्यांत बोलके वाटते. दागिन्यांचे डाय पोलादात हाताने कोरण्याचे कसब या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. सीएनसी मशीन आली आणि त्या कसबाचा मोठा हिस्सा फाइलमध्ये जाऊन बसला. नक्षी फाइलमध्ये, टूल किती खोल जाणार आणि किती वेगाने फिरणार तेही फाइलमध्ये. पोलादी डाय हरवला तर दुसरा कोरता येतो. फाइल गेली तर कोरायचे काय, इथूनच प्रश्न सुरू होतो. एवढी मोलाची वस्तू ज्या हार्ड डिस्कवर असते तिची दुसरी प्रत बहुतेक ठिकाणी नसते.

हे जपण्याचे साधन गेली वीस वर्षे सर्वांना फुकट उपलब्ध आहे. त्याचे नाव गिट. लिनक्सचा गाभा लिहिणारे लोक आपला कोड एका कंपनीच्या ‘बिटकीपर’ नावाच्या प्रणालीत ठेवत असत. 2005 मध्ये त्या कंपनीने फुकट वापराची सवलत काढून घेतली. लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्सने त्या एप्रिलच्या 3 तारखेला नव्या प्रणालीचे काम हाती घेतले आणि 7 तारखेला गिट स्वतःचाच कोड सांभाळू लागले. परक्याच्या प्रणालीवर विसंबून राहिल्याचा फटका हेच गिटच्या जन्माचे कारण आहे, आणि त्याच्या रचनेत ते उतरलेही आहे. गिटमध्ये कोडची प्रत घेणाऱ्या प्रत्येकाकडे फक्त आजची फाइल येत नाही, पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास येतो. सर्व्हर जळाला तरी एका लॅपटॉपवरून सगळे पुन्हा उभे करता येते.

जुन्या पेढीच्या रोजमेळात खाडाखोड चालत नसे. चुकलेली रक्कम दुसऱ्या नोंदीने फिरवत. गिटची शिस्त तीच आहे. डोसिंग पंपाचा टायमर 45 सेकंदांवरून 60 वर नेला, तर जुनी ओळ, नवी ओळ, तारीख, नाव आणि कारण अशी नोंद पडते. बदल चुकीचा ठरला तर तो उलटवणारी दुसरी नोंद पडते, पहिली जागच्या जागी राहते. प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरून काढलेला एक लांब आकडा असतो आणि त्यात आधीच्या नोंदीचा आकडाही गुंफलेला असतो. त्यामुळे जुन्या नोंदीत गुपचूप फेरफार केला तर पुढची सगळी साखळी बदलते आणि ते लपत नाही.

मग हा कोड गिटहबसारख्या इंटरनेटवरच्या सेवेत ठेवायला काय हरकत आहे? जे जगाला वाटून टाकायचे आहे त्यासाठी काहीच हरकत नाही. विद्यार्थ्यांनी आपले मोकळे प्रकल्प तिथे जरूर ठेवावेत. पण ज्यावर आपला कारखाना चालतो त्याची एकमेव प्रत दुसऱ्याच्या दारात ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. गुगलसारख्या कंपनीने ‘गुगल कोड’ ही सेवा 2015 मध्ये गुंडाळायला घेतली आणि 2016 च्या जानेवारीत बंद केली. ‘गिटोरियस’ 2015 मध्येच बंद झाले. 2014 च्या डिसेंबरात भारत सरकारच्या आदेशाने काही संकेतस्थळे अडवली गेली, त्यांत गिटहबचा एक भागही होता; कोणाचा काही दोष नसताना आपल्याकडच्या प्रोग्रॅमरांना आपल्याच नोंदी काही काळ उघडता येईनात. 2019 च्या जुलैत अमेरिकी निर्बंधांमुळे गिटहबने इराण, सीरिया आणि क्रायमियातल्या वापरकर्त्यांची खाती मर्यादित केली. 2025 च्या जुलैत युरोपीय संघाने नायरा एनर्जी या भारतीय तेल कंपनीवर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, त्यानंतर सेवा पुन्हा सुरू झाल्या. वाडिनारची रिफायनरी चालवणाऱ्या कंपनीवर ही वेळ आली, तर दोन शेडच्या कारखान्याचे गाऱ्हाणे कोण ऐकणार?

तारापूरच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. 1963 साली भारत आणि अमेरिका यांच्यात करार झाला, जनरल इलेक्ट्रिकने दोन अणुभट्ट्या बांधून दिल्या आणि 28 ऑक्टोबर 1969 पासून तारापूरची वीज व्यापारी तत्त्वावर मिळू लागली. भट्ट्या आपल्या किनाऱ्यावर, चालवणारे आपले इंजिनिअर, वीज आपल्या गिरण्यांना. मात्र त्यांना लागणारे समृद्ध युरेनियम यायचे अमेरिकेतून. मे 1974 मध्ये पोखरणला अणुचाचणी झाली, 1978 मध्ये अमेरिकेने अणुप्रसारबंदीचा कायदा केला आणि तारापूरच्या इंधनाचा पुरवठा आधी रेंगाळला, मग थांबला. 1982 मध्ये फ्रान्सने ते इंधन पुरवण्याचे मान्य केले. पुढे चीन आणि रशियाकडूनही इंधन आले. मधल्या काळात भट्ट्या धगधगत ठेवण्यासाठी किती वाटाघाटी कराव्या लागल्या आणि किती जपून इंधन वापरावे लागले, हे केंद्राच्या वसाहतीतल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. यंत्र आपल्या आवारात असले म्हणून त्याच्यावर ताबा आपला असतोच असे नाही, हे या भागाने अनुभवले. समृद्ध युरेनियम घरी बनवणे तेव्हा आपल्या हातात नव्हते. कोडचे तसे नाही. तो आपल्या आवारात ठेवायला एक जुना डेस्कटॉप, एक चांगली हार्ड डिस्क आणि थोडी चिकाटी पुरते. म्हणूनच तो न ठेवण्याला सबब उरत नाही.

सर्व्हर म्हटले की मोठ्या खर्चाची भीती वाटते, ती आधी घालवू. दोन-तीन माणसांचे काम असेल तर डेबियन लिनक्स, गिट आणि एसएसएच एवढ्यावर सर्व्हर उभा राहतो. त्याला वेगळे सॉफ्टवेअरच लागत नाही. कोणी काय वाचायचे, कुठे लिहायचे याचे नियम हवे असतील तर ‘गिटोलाइट’ आहे. ते सीताराम चामर्ती या भारतीय प्रोग्रॅमरने लिहिले आणि लिनक्सच्या गाभ्याचा कोड जिथे राहतो त्या सर्व्हरवरही ते वापरले गेले. ब्राउझरमधून फाइली, बदल आणि चर्चा पाहायच्या असतील तर ‘गिटी’ किंवा तिच्यातून 2022 मध्ये वेगळे झालेले ‘फोर्जेजो’ घ्यावे. सगळ्यांत मोठे ‘गिटलॅब’. ते ताकदीचे आहे, पण मेमरी भरपूर खाते आणि त्याच्या देखभालीसाठी सतत लक्ष देणारा माणूस लागतो. या पुस्तकात फोर्जेजो निवडले आहे. ते एकाच फाइलमध्ये येते, रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावरही चालते आणि एका नफा न कमावणाऱ्या जर्मन संस्थेच्या छत्राखाली वाढते आहे. पाच-पंचवीस माणसांच्या कारखान्याला याहून जास्त लागत नाही.

मांडणीच्या प्रकरणांत मी मुद्दाम सावकाश चाललो आहे, कारण बहुतेक सर्व्हर बसवताना बिघडत नाहीत; बसवून झाल्यावर ज्या चार खुणा करायच्या राहून जातात तिथे बिघडतात. पहिली गोष्ट फॉर्मची. फोर्जेजो पहिल्यांदा ब्राउझरमध्ये उघडले की एक लांबलचक फॉर्म येतो. त्यात सर्व्हरचा पत्ता विचारलेला असतो आणि तिथे आपोआप ‘लोकलहोस्ट’ भरलेले असते. घाईत ते तसेच राहिले तर सर्व्हर चालतो, पाने उघडतात, पण दुसऱ्या संगणकावरच्या माणसाने कोड उतरवण्यासाठी दिलेला दुवा वापरला की काहीच होत नाही, कारण तो दुवा त्याला त्याच्याच संगणकाकडे पाठवतो. त्याच फॉर्मच्या तळाशी व्यवस्थापकाचे खाते तयार करायची जागा मिटलेली असते. ती उघडून भरली नाही, तर सर्वांत आधी नोंदणी करणारा माणूस व्यवस्थापक होतो, मग तो कोणीही असो. आणि नोंदणी सर्वांना खुली ठेवायची की बंद, याची खूणही तिथेच आहे. नोंदणी बंद ठेवा. खाती व्यवस्थापकाने स्वतः उघडून द्यावीत.

दुसरी गोष्ट किल्लीची. एसएसएचमध्ये पासवर्डाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरतात: खासगी किल्ली लॅपटॉपवर राहते, सार्वजनिक किल्ली सर्व्हरला देतात. पूर्ण शिफ्टसाठी एकच किल्ली, एकच खाते, ही सवय इथल्या कारखान्यांत खोल रुजली आहे आणि ती मोडावीच लागेल. गिटच्या नोंदीत दिसणारे नाव वापरणाऱ्याने स्वतः टाइप केलेले असते, ते आपोआप खरे ठरत नाही; खरेपणा येतो तो प्रत्येकाची किल्ली वेगळी असली आणि नोंदी तिने सही केलेल्या असल्या तर. बोईसरच्या औषधी कारखान्यांना अमेरिकी औषध प्रशासनाच्या तपासण्या नवीन नाहीत. कोणी, केव्हा, काय आणि का बदलले, हे तिथे कागदावर दाखवावे लागते. नुसता गिट बसवला म्हणजे ती अट पुरी झाली असे समजू नका. पण गिटशिवाय ती पुरी करणे फार कष्टाचे आहे. ठेकेदाराचा माणूस काम सोडून गेला तर त्याची किल्ली त्याच दिवशी काढा.

तिसरी गोष्ट जाळ्याची. हा सर्व्हर इंटरनेटवर उघडा टाकू नये. कारखान्याच्या आतल्या जाळ्यात राहू द्यावा, बाहेरून लागलाच तर वायरगार्ड या व्हीपीएनच्या बोगद्यातून यावे. अनेक इंटरनेट पुरवठादार छोट्या ग्राहकाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता देतच नाहीत, त्यामुळे तसेही तो आतल्या जाळ्यात ठेवणेच सोयीचे पडते. आणि ज्या जाळ्यावर पीएलसी आहेत त्यावर हा सर्व्हर कधीही बसवू नका. 2019 मध्ये कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या कार्यालयीन जाळ्यातल्या एका संगणकात घातक प्रोग्रॅम सापडला. अणुभट्टीचे नियंत्रण करणारे जाळे वेगळे असल्याने त्याला धक्का लागला नाही, असे अणुऊर्जा महामंडळाने तेव्हा सांगितले. हेच महामंडळ तारापूर केंद्रही चालवते. जाळी वेगळी ठेवण्याची ही शिस्त दहा माणसांच्या कारखान्यालाही परवडते. सर्व्हरचे घड्याळ बिनचूक ठेवा, लॉग जपा. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग 180 दिवस ठेवायचे आहेत आणि सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवायची आहे.

बॅकअपचे प्रकरण पुस्तकात सर्वांत लांब झाले आहे. त्याबद्दल मला क्षमा मागायची नाही. 31 जानेवारी 2017 च्या रात्री खुद्द गिटलॅब कंपनीच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचे फोल्डर पुसले. बॅकअपच्या पाच पद्धती योजलेल्या होत्या. गरज पडली तेव्हा त्यांतली एकही भरवशाने कामी आली नाही. योगायोगाने सुमारे सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत हाताशी होती म्हणून निभावले, तरी त्या सहा तासांतल्या नोंदी गेल्या. कोड मात्र वाचला, कारण तो वेगळा साठवलेला होता. कंपनीने हे सगळे लपवले नाही, दुरुस्ती चालू असताना जगासमोर थेट दाखवली, आणि त्यामुळे बाकीच्यांना शिकता आले. ज्या बॅकअपवरून सर्व्हर पुन्हा उभा करून पाहिलेला नाही, त्याला या पुस्तकात बॅकअप म्हटलेले नाही.

आपल्या भागाची हवाही लक्षात घ्या. समुद्राचा खारा दमट वारा आणि रसायनांच्या वाफा यांनी तांब्याचे संपर्क काळे पडतात, रॅमच्या कडा खराब होतात, पंखे जाम होतात. प्लांटजवळच्या पॅनेल रूमपेक्षा ऑफिसातली बंद खोली बरी. पावसाळ्यात वीज येते-जाते, तेव्हा यूपीएस असावाच, आणि बॅटरी संपत आली की सर्व्हर आपोआप नीट बंद होईल अशी सेटिंग करावी; मध्येच वीज तुटली तर डेटाबेस बिघडतो. एक प्रत सर्व्हरवर, दुसरी वेगळ्या डिस्कवर, तिसरी आवाराबाहेर. एमआयडीसीत आग लागली तर शेजारच्या शेडमधली प्रत कामाची नाही. बोईसरहून पालघरला मध्ये एकटे उमरोळी स्टेशन; आठवड्यातून एकदा कुलूपबंद केलेली डिस्क घेऊन कोणी घरी गेले तरी चालेल. पण 2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीला भूकंपाचे धक्के बसत आले आहेत, तेव्हा एखादी प्रत जिल्ह्याबाहेरही असावी. या प्रती सांकेतिक रूपात ठेवाव्या आणि त्यांचा पासवर्ड कागदावर लिहून दोन जबाबदार माणसांच्या तिजोरीत ठेवावा.

पीएलसीबाबत एक अडचण आहे. गिटची खरी ताकद मजकुरावर चालते. अनेक पीएलसी कंपन्यांची सॉफ्टवेअरे प्रकल्प बंदिस्त फाइलमध्ये साठवतात. गिट ती फाइल जपेल, पण आत कोणती ओळ बदलली हे दाखवू शकणार नाही. जिथे प्रोग्रॅम एक्सएमएल किंवा साध्या मजकुरात काढता येतो तिथे मूळ फाइलबरोबर तोही ठेवावा. जिथे येत नाही तिथे बदलाची टिप्पणी सविस्तर लिहावी. मशीनमधून प्रोग्रॅम परत वाचून घेता येतो, या भरवशावर राहू नये. जुन्या अनेक पीएलसींत तो वाचला तर इनपुट-आउटपुटची नावे आणि लिहिणाऱ्याच्या टिपा येत नाहीत. हाती उरतात फक्त पत्ते आणि संपर्क, आणि त्यांवरून प्लांट समजून घेण्यात आठवडे जातात. डायमेकरांच्या नक्षीच्या मोठ्या फाइलींसाठी गिटची वेगळी सोय आहे, तिचे स्वतंत्र प्रकरण केले आहे.

पालघर आणि बोईसरच्या महाविद्यालयांत दरवर्षी शेवटच्या वर्षाचे प्रकल्प होतात, सीडी आणि पेनड्राइव्हवर जमा होतात आणि पुढच्या वर्षीचे विद्यार्थी पुन्हा शून्यापासून सुरुवात करतात. विभागात एक असा सर्व्हर असला तर मागच्या बॅचचा कोड घेऊन पुढची बॅच त्यात भर घालेल. तो सर्व्हर विद्यार्थ्यांनीच बसवावा आणि चालवावा. हे काम येणारी मुले एमआयडीसीला हवीच आहेत.

पुस्तकातल्या आज्ञा डेबियनवर क्रमाने दिल्या आहेत. घाई न करता टाइप करा, आणि प्रत्येक आज्ञेनंतर पडद्यावर काय दिसायला हवे तेही वाचा. मालकांनी बाकी काही वाचले नाही तरी एक काम आजच करावे. पुढच्या ऑटोमेशनच्या पर्चेस ऑर्डरमध्ये ही अट घाला: काम संपताना पीएलसीचा आणि स्काडाचा मूळ प्रोग्रॅम, सर्व टिपा आणि पासवर्डांसह, कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर जमा करावा, तो तिथून उतरवून चालवून पाहिल्याशिवाय शेवटचे बिल मंजूर होणार नाही.